मावशींच्या तारेवरची बिलं

रोडपालीतल्या एका घराच्या भिंतीवरून लाइट बिलांनी भरलेली तार मी स्वतःच्या हाताने काढली आणि रद्दीत दिली. चोरून नाही. घरच्या बाईसमोर, तिला विचारून, वर पर्यावरणावर चार वाक्यं ऐकवून नेली. ती बिलं म्हणजे त्या घराचा एकमेव पुरावा होता हे मला ठाऊक नव्हतं, असं मी पुढे बरेच महिने भेटेल त्याला सांगत राहिलो. ते खरंच आहे. पण ठाऊक करून घ्यायची गरजही मला वाटली नव्हती, हे मात्र मी कुणाला सांगत नसे.

तेव्हा वीज कंपनीने नवी योजना काढली होती. कागदी बिल नको म्हणून कळवायचं, मग बिल मोबाइलवर आणि ईमेलवर येणार, शिवाय बिलात किरकोळ सवलत. कागद वाचला म्हणजे झाड वाचलं, असा सगळा हिशेब होता. नवीन पनवेलमध्ये आमच्या सेक्टरात रहिवाशांचं एक पर्यावरण मंडळ होतं आणि मी त्याचा हौशी कार्यकर्ता. नोकरी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात. त्या कारखान्यामागच्या नाल्याचं पाणी कधी पिवळं असे, कधी तांबूस. सहा दिवस त्या नाल्यावरून जाणाऱ्या माणसाला रविवारी काहीतरी हिरवं करावंसं वाटतं. मलाही वाटे. आज वाटतं, माझ्या त्या सगळ्या कामामागे झाडांचं प्रेम थोडं आणि नाल्याची लाज जास्त होती.

मंडळाने योजना उचलून धरली. अध्यक्ष सरकारी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, त्यांना मोहीम हा शब्द फार आवडे. त्यांनी मोहिमेला एक पुरवणी जोडली: घरोघरची जुनी बिलंही गोळा करायची, रद्दीत द्यायची, म्हणजे कागदाचा पुनर्वापर. ही पुरवणी आमची होती, कंपनीची नव्हती. हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे ते मीच सोयीस्कररीत्या विसरलो.

मोहिमेचा फ्लेक्स केला. हिरवागार, त्यावर भलं मोठं झाड. तो कोपऱ्यावरच्या गुलमोहराला खिळे ठोकून लावला. संध्याकाळी भाजी घेऊन येताना बायकोने तो पाहिला.

"झाडाला खिळे मारून झाडं वाचवताय," ती म्हणाली. "आणि तो प्लास्टिकचा कपडा नंतर कुठे टाकणार?"

"त्याच्या पिशव्या शिवता येतात."

"कोण शिवणार? अध्यक्ष?"

मला राग आला होता. चांगल्या कामात खोड काढायची हिला सवयच, असं मनात म्हणून मी विषय सोडून दिला.

मावशी म्हणजे आमच्याकडे वर्षानुवर्षं खाडीची मच्छी देणारी बाई. मार्केटच्या बाहेरच्या बाजूला टोपली घेऊन बसे. निवट्या, बोईट, कधी चिंबोऱ्या. वाटा लावून झाला की वर दोन-चार निवट्या जास्त टाके आणि माझ्या बायकोला म्हणे, "घे गो, नवऱ्याला घाल, सुकलाय." ती रोडपालीची. नवरा गेलेला, मुलगाही गेलेला. घरात ती आणि सून. सेक्टर संपले की आजूबाजूच्या गावांतही मोहीम न्यायची असं ठरलं, तेव्हा रोडपाली मी मागून घेतली. ओळखीचं घर होतं ना.

घर विटांचं, पुढे ओटी, मागे चूल. आत शिरल्यावर डाव्या हाताच्या भिंतीवर खिळ्याला एक तार अडकवलेली होती, वरून वाकवलेली, खाली लाकडाचा गोल ठोकळा. तिच्यात बिलं खोवलेली, एकावर एक, खालची तपकिरी पडलेली, वरची पांढरी. आमच्या भागातल्या गावांत ही पद्धत घरोघर होती. बिल आलं, भरलं, की पावतीसकट तारेत. कुणी ती काढत नसे, कुणी चाळतही नसे.

मी योजना समजावली. सुनेने पहिला प्रश्न विचारला आणि तो एकदम बरोबर होता.

"आमचा मोबाइल बटनांचा हाय. त्यात बिल कसा येल?"

"माझा नंबर देतो, माझा ईमेल देतो. आलं की मी कळवीन," मी म्हणालो. मला वाटलं, आपण केवढी मदत करतोय.

मग मी तारेकडे हात केला. मावशी जरा घुटमळली.

"दादा, ही सासऱ्यांच्या वेलेपासूनची हायत. टाकू नको बोल्ले व्हते ते."

"मावशी, कागदाला वाळवी लागते, भिजतो, उंदीर खातात. आता सगळं कम्प्युटरमध्ये असतं. तिथलं कधी जात नाही. कधीही मागा, बटण दाबलं की हजर."

"सगली? जुनीपन?"

"सगळी."

हा शब्द मी कशाच्या जोरावर उच्चारला ते मला आजही सांगता येत नाही. मी कुणाला विचारलं नव्हतं, कुठे वाचलं नव्हतं. समोरच्या माणसाला कम्प्युटर माहीत नाही आणि मला तो थोडाफार माहीत आहे, एवढ्या जोरावर मी "सगळी" म्हणालो. मावशीने तार खिळ्यावरून सोडवायला मला मदत केली. धूळ उडाली, तर पदराने माझ्या शर्टाची बाही झटकली.

पुढचे महिने कसे गेले ते सांगितलं पाहिजे, कारण कागद वाचला की नाही याचं उत्तर तिथेच आहे. मावशीचं बिल माझ्या ईमेलवर येई. मी ते उघडून आकडा आणि शेवटची तारीख डायरीच्या पानावर लिहून, पान फाडून मार्केटात तिला नेऊन देई. म्हणजे कागदाचा एक कपटा तिथेच गेला. सून तो घेऊन भरणा केंद्रावर जाई. तिथला माणूस म्हणे, हातानं लिहिलेलं चालत नाही, बिलाची प्रिंट आणा. मग ती शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे जाई आणि मी त्याच्या ईमेलवर पाठवलेलं बिल तिथल्या कम्प्युटरवरून छापून घेई. कंपनीचं जुनं बिल पातळ कागदाचं, अर्ध्या पानाचं होतं. ही प्रिंट जाड, पांढऱ्याशुभ्र, पूर्ण पानांवर निघे, आणि एका पानावर नुसती जाहिरात असे. त्या जाहिरातीत लिहिलेलं: कागद वाचवा.

हे मला दिसत होतं. तरी मंडळाच्या बैठकीत आपल्या भागात किती घरं "कागदमुक्त" झाली हे अध्यक्षांनी वाचून दाखवलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या.

मग मोजणी आली. ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इथल्या गावांची भातशेती आणि मिठागरं नवं शहर वसवायला सरकारने घेतली. गावं तेवढी राहिली. पोरं मोठी झाली, लग्नं झाली, घरं पुरेनात, तेव्हा लोकांनी गावठाणाच्या कडेला, जी जमीन कालपर्यंत त्यांचीच होती तिच्यावर, घरं बांधली. कागदोपत्री ती सगळी अनधिकृत. वर्षानुवर्षं मोर्चे निघाल्यावर सरकार म्हणालं, ठरावीक तारखेच्या आधीची घरं कायम करू. आधीचं असेल तर ते तुमचं, नंतरचं असेल तर कधीही बुलडोझर येऊ शकतो. पुरावा काय? घरपट्टीची पावती किंवा लाइट बिल. मावशीची घरपट्टी दिराच्या घराबरोबर एकत्र लागत असे, म्हणून पावती दिराच्या नावाची. तिच्यापाशी होती ती फक्त बिलं.

मोजणीच्या दिवशी काय झालं ते तिनेच मला टोपलीपुढे बसून सांगितलं. साहेबांनी आताच्या बिलावरची जोडणीची तारीख बघितली आणि म्हणाले, हे घर उशिराचं दिसतंय.

"मी बोल्ले, तो मीटर माजा नवरा गेल्यावर नवीन लावला. त्याच्या आदी सासऱ्यांच्या नावचा व्हता. ते बोल्ले, मग सासऱ्यांचा बिल दाव. मी बोल्ले, कम्प्युटरात हाय. कंच्या कम्प्युटरात? मी बोल्ले, नवीन पनवेलच्या दादांच्या." तिने टोपलीवरचं फडकं सारखं केलं. "सगले हासले, दादा. हासू देत. तुमी काडून द्या, सोमवारी नेऊन दाविते त्यांना."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिला खरोखर वाटत होतं की मी घरी जाऊन बटण दाबणार. मी "हो" म्हणालो. बोईटांचा वाटा घेतला, घरी आलो, पिशवी ओट्यावर ठेवली आणि बायकोला काहीच बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून वीज कंपनीच्या कार्यालयात गेलो. खिडकीतल्या माणसाने ग्राहक क्रमांक मागितला. मी दिला. त्याने पडद्यावर पाहून सांगितलं, गेल्या काही वर्षांचंच दिसतं, त्याआधीचं नाही. आणि आधीचा मीटर वेगळा असेल तर जुना ग्राहक क्रमांक लागेल, मग अर्ज करा, जुनी दप्तरं शोधता येतात का बघू.

"जुना क्रमांक कुठे मिळेल?"

"जुन्या बिलावर असतो ना."

"जुनी बिलं रद्दीत गेली. तुमच्याच योजनेत."

त्याने पेन खाली ठेवलं. "साहेब, आम्ही पुढची बिलं छापायची बंद केली. मागची टाकून द्या असं आमच्या योजनेत कुठं लिहिलंय? दाखवा मला."

दाखवायला काही नव्हतं. मी तावातावाने म्हणालो, "झाडं वाचवा म्हणून तुम्हीच सांगता." तो म्हणाला, "मी फक्त खिडकीवर बसतो. पुढचं कोण आहे, या."

तिथून रद्दीवाल्याकडे गेलो. त्याने हसून टेम्पोची दिशा दाखवली. माल केव्हाच कागदाच्या गिरणीकडे गेला होता.

त्या दिवसापासून मी जो चिडलो तो चिडलोच. आणि अजूनही त्यातला बराचसा राग मी मागे घेत नाही. त्याच सुमाराला खाडीपलीकडची टेकडी सुरुंगांनी फोडत होते. दुपारी आमच्या खिडकीच्या काचा थरथरत. खाडीकाठी डंपरच्या रांगा लागत, भराव पडे, आणि ज्या खारफुटीत मावशीला निवट्या मिळत ती एका बाजूने भरावाखाली जात चालली होती. रस्ता रुंद करायला वडांची रांग तोडली तेव्हा कुणी योजना काढली नाही, कुणी सवलत दिली नाही. झाडांची सगळी जबाबदारी कुणावर टाकली? तर अर्ध्या पानाच्या पातळ कागदावर, जो एका म्हातारीने जपून तारेत खोवला होता. जिने आयुष्यात एक कागद वाया घालवला नाही तिला कागद वाचवायला शिकवायचं. कंपनीच्या पत्रकात लिहिलेलं असे, इतकी झाडं वाचली. ती उभी कुठे आहेत ते एकदा दाखवा. मी बस पकडून बघायला येईन.

ईमेलने बिल घेतल्याने कागद वाचतच नाही असं मी म्हणत नाही. माझ्या घरी वाचत असेल. मी बिल पाहतो, मोबाइलवरून भरतो आणि विसरतो. माझं घर बँकेच्या कर्जाचं, सोसायटीचं, त्याचे कागद दहा ठिकाणी सुरक्षित. पण ज्या सरकारला सहीशिक्क्याचा मूळ कागद दाखवल्याशिवाय माणूस कुठे राहतो हे पटत नाही, त्याच्याच राज्यात लोकांना कागद सोडा म्हणून सांगायचं, हा कुठला न्याय? मावशीचं घर उशिराच्या यादीत लागलं, त्यावर हरकत अर्ज भरायला गेलो तेव्हा मोजणीच्या कार्यालयात मला ईमेलच्या बिलांच्या तीन-तीन प्रती मागितल्या. प्रत्येक पानावर सही. वर स्टॅम्प पेपर. त्या गठ्ठ्याला पंच मारून लाल फीत बांधली तेव्हा तो हातात मावेना. आणि एवढं करून तिथला कारकून म्हणाला, "ही कम्प्युटरची बिलं हल्लीची आहेत. ओरिजिनल जुनं एक असतं तर काम झालं असतं."

मी अध्यक्षांकडे गेलो. म्हटलं, मंडळाने लिहून द्यावं की मोहिमेत आम्ही बिलं नेली, म्हणून यांच्यापाशी पुरावा नाही.

"असं लेखी काही द्यायचं नसतं," अध्यक्ष म्हणाले. "आपण संमतीने घेतली. त्या नाही म्हणाल्या होत्या का?"

"टाकू नका असं सासरे बोलले होते, एवढं म्हणाल्या."

"म्हणजे नाही म्हणाल्या नाहीत."

रद्दीच्या पैशातून मंडळाने बागेत सिमेंटचं बाकडं बसवलं होतं. मंडळाचं नाव त्यावर कोरलेलं. त्याच बाकड्यावर बसून हे बोलणं चाललं होतं. मी तिथल्या तिथे मंडळ सोडलं, मोठ्या आवाजात सोडलं, चार माणसं वळून बघतील असं. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. कंपनीने काय केलं, सरकारने काय केलं, अध्यक्ष कसा निघाला. तिने ऐकून घेतलं.

"मावशीला काय सांगितलंस?" तिने विचारलं.

"प्रयत्न चालू आहेत म्हणून."

"अजून तिला वाटतंय की कम्प्युटरात आहेत?"

मी उठून खिडकी लावायला गेलो.

"इतक्या जणांशी भांडून आलास," ती म्हणाली. "जिच्याशी बोलायचं तिच्याशी सोडून."

मी मार्केटची वाट टाळत होतो, हे तिला माहीत होतं. बरेच दिवस घरात खाडीची मच्छी आली नव्हती.

मावशीच्या घराचा निकाल हे लिहीपर्यंत लागलेला नाही. यादीत ते उशिराच्या घरांत आहे आणि तिच्या नावावर हरकत नोंदलेली आहे. दोन्ही गोष्टी वर्षानुवर्षं तशाच राहू शकतात. सून पावसाळ्याआधी मागची भिंत बांधून घेणार होती, ती थांबली आहे. पाडायचंच असेल तर बांधायचं कशाला, असं म्हणते.

हरकती एकत्र करायला देवळाच्या मंडपात गावकीची बैठक बसली तेव्हा मी गेलो. मावशीने बोलावलं नव्हतं. गावातल्या एका वकिलाचा सुनेमार्फत बायकोकडे निरोप आला होता की म्हातारीची बिलं कशी गेली याचं कुणीतरी साक्षीचं लिहून द्यावं लागेल. मी मागे, चपला काढतात तिथे बसलो. पुरुष पुढे सतरंजीवर, बायका खांबांच्या बाजूला. मावशी सुनेबरोबर आली, तशी कुणीतरी हाक टाकली.

"आली रं आली, कम्प्युटरवाली आली. दाब गो बटन, माजीपन बिलां काड."

"आदी तिला जिताडा काडाया सांग," दुसरा म्हणाला. "कम्प्युटरात जिताडं लय गावतात बोलं."

जिताडा म्हणजे खाडीतला महागडा मासा, सहजी न मिळणारा. मंडप हसला. मावशीही हसली. हसता हसता तिने पदर पुढे ओढला आणि खांबाआड सरकून बसली. इतके महिने हे असंच चाललं होतं आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. तिनेही नाही. घर जाण्याची भीती तिला होतीच, वर गावाने तिला खुळी ठरवलं होतं. आणि ती खुळी का ठरली, तर तिने माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवला म्हणून.

वकिलाने तिचं नाव पुकारलं आणि विचारलं, "काकी, जुनी बिलां कंय हायत? खरा सांग. जलली का हरवली?"

ती माझ्याकडे बघत नव्हती. मी मंडपात आहे हे तिला माहीत होतं की नाही, कोण जाणे. ती म्हणाली, "हायत. दादांकडं हायत. गावतील."

मी उठलो. कंपनीवर, सरकारवर, अध्यक्षांवर बोलायचं म्हणून मी वाटेत बरंच काही जुळवलं होतं. त्यातलं एकही वाक्य तोंडात आलं नाही. कुणीतरी म्हणालं, "कोन हाय ह्यो?" मी पुढे, बायकांच्या बाजूला गेलो, मावशीच्या समोर, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"मी नवीन पनवेलचा. यांची बिलं मी नेली. या नको म्हणत होत्या, सासऱ्यांनी टाकू नको सांगितलंय म्हणत होत्या. मी म्हणालो, सगळी कम्प्युटरात आहेत. ती तिथे नव्हती. कधीच नव्हती. मी न विचारता, न बघता बोललो. मग कळल्यावरही यांना सांगितलं नाही, मिळतील म्हणत राहिलो. या खुळ्या नाहीत. या मला शहाणा समजल्या, एवढंच. वकीलसाहेब, हे सगळं मी लिहून सही करून देतो, माझ्या नावानिशी, मंडळाच्या नाही. मावशी, बिलं रद्दीत गेली. मी घालवली. आता ती मिळणार नाहीत. मला माफ करा."